तोटीपासून काचेपर्यंत

नगराच्या पाणीपुरवठ्याचा कारभार ज्यांच्या हाती असतो त्यांच्या दप्तरी पाण्याचा प्रवास नळाच्या तोटीशी संपतो. धरण, उपसा केंद्र, जलशुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी, इमारतीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि अखेर स्वयंपाकघरातली तोटी, एवढ्या मुक्कामांची नोंद झाली की पाणी ग्राहकास पोचले असे धरले जाते, आणि ते योग्यही आहे. कारण ज्याच्यासाठी ते शुद्ध केलेले असते तो मनुष्यप्राणी तेथे पेला हाती घेऊन उभाच असतो. परंतु ज्या घरात त्या तोटीखाली भरलेली बादली काचेच्या टाकीत ओतली जाते, त्या घरापुरता हा प्रवास तोटीशी संपत नाही. तेथून पुढे हातभर अंतराचा एक शेवटचा टप्पा उरतो, आणि त्याचा बंदोबस्त कोणत्याही खात्याच्या हुकमाने होण्यासारखा नसल्यामुळे तो घरातल्या माणसालाच करावा लागतो. कामोठ्यात मी आज जे काम करतो ते या शेवटच्या टप्प्याचे आहे.

माझी उमेदीची सारी वर्षे पाण्याच्या तपासणीत गेली. एका पाणीपुरवठा योजनेच्या प्रयोगशाळेत मी रुजू झालो तेव्हापासून सेवानिवृत्तीपर्यंत पाण्याचा गढूळपणा, सामू, क्षारता, कठीणपणा आणि अवशिष्ट क्लोरीन यांचे आकडे नोंदवहीत उतरविणे हे माझे नित्यकर्म होते. निवृत्तीनंतर कामोठ्यास बिऱ्हाड केले, आणि आसपासच्या इमारतींतील मत्स्यटाक्यांची देखभाल आधी शेजारधर्म म्हणून व पुढे रीतसर मेहनताना घेऊन करू लागलो. नोकरीत असताना ग्राहकाच्या तोटीपर्यंत क्लोरीन शिल्लक राहिला आहे याची खातरजमा करणे हे माझे कर्तव्य होते. तो शून्यावर आलेला आढळला तर त्या वस्तीला रोगराईचा धोका आहे असे समजून तातडीने वरिष्ठांस कळवावे लागे. या नव्या व्यवसायात तोच क्लोरीन पाण्यात अणुमात्रही उरलेला नाही याची खातरजमा करणे हे माझे कर्तव्य झाले. वरवर पाहता ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या विरुद्ध तोंडे करून उभी आहेत. परंतु दोन्ही मनापासून केल्यानंतर मला असे दिसून आले की त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. हे पाणी निर्धोक आहे खरे, पण कोणासाठी?

कामोठे ही वसाहत पनवेलच्या खाडीकडील सखल मुलखावर वसलेली आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईची जी उपनगरे आखली त्यांपैकी हे एक असून, २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आल्यापासून ते तिच्या हद्दीत मोडते. मानसरोवर आणि खांदेश्वर या दोन रेल्वे स्थानकांच्या आसपास सेक्टरांमागून सेक्टर उभे राहिले, त्यांत नोकरदार कुटुंबे येऊन राहिली, आणि त्यांच्या दिवाणखान्यांतून कोठे दोन फुटी, कोठे तीन फुटी काचेच्या टाक्या मांडल्या गेल्या. येथे येणारे पाणी खालापूर तालुक्यातील धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणाचे. ते भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते आणि मग जलवाहिनीतून आपल्याकडे येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी साठलेल्या पावसाचे हे पाणी स्वभावतः मृदू आहे. त्यात विरघळलेले क्षार थोडे, साबणाला भरपूर फेस येतो, आणि डाळ शिजायला वेळ लागत नाही. मासे पाळणाऱ्याला हे मोठेच वरदान आहे, मात्र त्याला एक दुसरी बाजू आहे. तिच्याकडे पुढे येईनच.

या मुलखात मासा पाळणे ही नवलाईची गोष्ट नव्हे. वसाहत होण्यापूर्वीपासून नांदत असलेल्या आगरी गावांतून पावसाळ्यात खाडीत सापडणारी जिताड्याची पिल्ले गावतळ्यात आणून सोडण्याची रीत रायगड जिल्ह्यात दूरवर आढळते. जिताडा हा खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत जगणारा मासा. तळ्यात तो पोसला जातो आणि सणासमारंभाला त्याचा मान असतो. त्या तळ्याच्या पाण्याची कोणी तपासणी केली नाही आणि त्यात कसलेही औषध घालण्याची कोणास गरज वाटली नाही. ते पाणी पावसाचे होते, त्याच्या तळाशी चिखल होता, चिखलात असंख्य सूक्ष्मजीव होते आणि वर मोकळे आभाळ होते. माशाला लागणारी सारी व्यवस्था तेथे आयती हजर होती. काचेच्या टाकीत यांपैकी काहीच नसते. जी कामे तळे आपण होऊन करीत असे ती सर्व येथे पाळणाऱ्याच्या अंगावर येतात, आणि त्यांतले पहिले काम क्लोरीनशी निगडित असते.

मासे पाळणारी मंडळी क्लोरीनला सर्रास विष म्हणतात. ते माझ्या कानांना खटकते, आणि म्हणून त्याची बाजू मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाचे पाणी पिऊन माणसे पटकीने मरत आहेत हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरच्या मृत्यूंचा हिशेब मांडून दाखविले, तेव्हा पाण्यातून रोग येतो ही गोष्टच वैद्यांच्या गळी उतरत नव्हती. आपल्या मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले ते १८६० साली. परंतु नळ आला म्हणजे पाणी निर्जंतुक झाले असे नव्हे. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रव्य अखंड मिसळण्यास आरंभ झाला, आणि त्यानंतर विषमज्वर व पटकी यांची जगभरच्या नगरांतून जी पीछेहाट झाली तिच्यामागे या साध्या उपायाचा मोठा वाटा आहे. आजही महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून जलसुरक्षक विहिरीत आणि टाकीत टीसीएल ही क्लोरीनयुक्त पावडर टाकतो आणि ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन, चाचणी करून पाण्याला पिवळी झाक येते की नाही ते पाहतो. ती झाक आली नाही तर गावात हगवण, कावीळ, गॅस्ट्रो यांची धास्ती असते. ज्या द्रव्याने एवढी बालके वाचविली त्याला निखळ विष म्हणणे हा कृतघ्नपणा होईल.

मग तेच द्रव्य माशाला का मानवत नाही? याचे उत्तर शरीररचनेत आहे. माणूस पाणी पितो. मासा पाण्यात राहतो आणि त्याच पाण्याने श्वास घेतो. आपण घोट घेतला की त्यातला अल्पसा क्लोरीन लाळेशी आणि पोटातील अन्नाशी संयोग पावून तेथल्या तेथे खर्ची पडतो, रक्तापर्यंत पोचतच नाही. माशाचे तसे नाही. त्याच्या कल्ल्यांवरील त्वचेचा पडदा इतका पातळ असतो की एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस रक्त यांच्यामध्ये पेशींचा केवळ एखाददुसरा थर उरतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, म्हणून हवेत श्वास घेणाऱ्या आपल्या तुलनेने माशाला कितीतरी अधिक पाणी कल्ल्यांवरून सतत वाहवावे लागते. त्या प्रत्येक थेंबाबरोबर क्लोरीन त्या नाजूक पडद्याला जाळीत जातो. पडदा सुजतो, त्यावर बुळबुळीत स्राव साठतो, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

यातील प्रमाणाचा हिशेब मला नेहमीच विचारात पाडतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे ग्राहकाच्या तोटीशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. उलटपक्षी गोड्या पाण्यातील जलचरांच्या रक्षणासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जी मर्यादा घालून दिली ती दीर्घकाळासाठी लिटरमागे ०.०११ मिलिग्रॅम आणि अल्पकाळासाठी ०.०१९ मिलिग्रॅम एवढीच आहे. म्हणजे माणसाच्या बाबतीत जे कमीत कमी असलेच पाहिजे ते माशाच्या बाबतीत जास्तीत जास्त मर्यादेच्या दहापटींहून अधिक भरते. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही जीवरक्षणासाठीच ठरविलेले आहेत, आणि एकाच बादलीत ते एकत्र नांदू शकत नाहीत. पाणीपुरवठा खात्याने कितीही चोख काम केले तरी ही तफावत उरणारच. किंबहुना त्याने काम जितके चोख केले असेल तितकी ती अधिक उरेल. तेव्हा ती मिटविण्याची जबाबदारी तोटीच्या या बाजूस, म्हणजे आपल्या बाजूस आहे.

एका घरचा प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका सोसायटीतून सकाळीच फोन आला. गेलो तेव्हा घरातली आठनऊ वर्षांची मुलगी टाकीसमोर पाट घेऊन बसली होती, आणि तिची आई मला म्हणाली, "काका, रात्रीच पाणी बदललं हो. किती नितळ होतं! आणि सकाळी बघतो तर हे असे." टाकीतले दोन सोनेरी मासे पृष्ठभागाशी तोंडे लावून उभे होते, त्यांचे कल्ले भराभर उघडझाप करीत होते, कल्ल्यांच्या कडा गर्द लाल झाल्या होत्या, आणि अंगावर दुधाळ पातळ साय धरली होती. मुलीचे आजोबा मासे विकणाऱ्या दुकानदाराला दोष देत होते. मी पिशवीतून क्लोरोस्कोप काढला, स्वयंपाकघराच्या तोटीचे पाणी खुणेपर्यंत नळीत घेतले, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब सोडले आणि मनात दहापर्यंत अंक मोजले. मुक्त क्लोरीनचा रंग क्षणार्धात उमटतो. उशिरा येणारा रंग संयुक्त क्लोरीनचा असतो, म्हणून लगेच पाहावे लागते. नेहमी दिसणाऱ्या फिकट पिवळ्या झाकेऐवजी नळीत गडद नारिंगी रंग आला. सूचनाफलक पाहून यावे असे मी सुचविले. आदल्या दिवशी सोसायटीच्या जमिनीखालची आणि गच्चीवरची अशा दोन्ही टाक्या धुऊन घेतल्या होत्या, आणि धुणाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे शेवटी टीसीएल पावडर घातली होती. यात कोणाचाही कसूर नव्हता. टाकी धुणे आवश्यक होते, धुतल्यावर निर्जंतुक करणेही आवश्यक होते. फक्त मासे पाळणाऱ्या घराला कोणी हे सांगितले नव्हते, कारण सांगायला हवे हे कोणाच्या ध्यानात येण्याजोगेच नव्हते. टाकीत ताबडतोब क्लोरीन घालविणाऱ्या हायपोचे द्रावण घातले आणि हवेचा पंप पूर्ण जोराने सुरू केला. त्या उपायाने पाण्यातील क्लोरीन तत्काळ नाहीसा होतो, परंतु भाजलेला कल्ला मात्र आपल्या गतीनेच भरून येतो. एक मासा वाचला, दुसरा दुपारी गेला. मुलीने मला विचारले, "काका, पाणी स्वच्छ होतं ना?" मी तिला म्हटले, "हो बाळ, आपल्यासाठी स्वच्छ होतं."

त्या प्रश्नापासून मी प्रत्येक नव्या घरी पाणी सुरक्षित करण्याची रीत यथासांग समजावून दिल्याशिवाय उठत नाही. सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपद्रवी इलाज म्हणजे पाणी शिळे करून घालणे. रुंद तोंडाच्या टबात पाणी भरावे, उघडे ठेवावे, त्यात हवेच्या पंपाचा दगड सोडावा आणि पुरता एक दिवस जाऊ द्यावा. पाण्याचा पृष्ठभाग जितका विस्तृत आणि जितका हलता, तितका क्लोरीन लवकर उडून जातो; सूर्यप्रकाशाने त्याचे विघटन अधिकच त्वरेने होते. झाकण लावलेल्या पिंपात मात्र तो बराच काळ टिकून राहतो, म्हणून पिंपातले जुने पाणी आहे एवढ्यावर कोणी विसंबून राहू नये. ज्यांना एक दिवस थांबण्याची सवड नसते त्यांच्यासाठी दुकानांतून अँटी-क्लोरीन या नावाने थेंबांची बाटली मिळते. तिच्यातील मुख्य द्रव्य बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच हायपो हे असते. हे द्रव्य चांदीचे क्षार विरघळविते असे जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ साली दाखविले, आणि पुढे छायाचित्रणाचा उदय झाल्यावर काळोख्या खोलीत चित्र पक्के करण्यासाठी फोटो स्टुडिओंतून त्याचा अखंड वापर झाला. आमच्या प्रयोगशाळेतही ते असे. जीवाणूंच्या तपासणीसाठी नमुना घ्यावयाच्या बाटलीत आधीच त्याचे थोडे द्रावण घालून ठेवीत, नाहीतर वाटेतच क्लोरीनने जीवाणू मरून जात आणि तपासणी खोटी ठरत असे.

घरच्या घरी द्रावण करावयाचे तर हिशेब सोपा आहे. एक मिलिग्रॅम क्लोरीन निकामी करण्यास हायपोचे खडे फार तर ७ मिलिग्रॅम लागतात. ३५ ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवले, तर त्या द्रावणाचा एक मिलिलिटर दहा लिटर पाण्यातील लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन नाहीसा करतो. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होऊन येते आणि शुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते, तेव्हा दुप्पट घालावे. थोडे अधिक झाले तरी माशास त्याचा उपद्रव नाही. द्रावण पाण्यात मिसळून ढवळले की काही क्षणांत काम पुरे होते, आणि याची रुजवात पुन्हा ओटी चाचणीने करता येते. मात्र ऑर्थोटोलिडिन हे आरोग्यास घातक ठरू शकणारे रसायन असल्यामुळे घरोघरी त्याच्याऐवजी गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी वापरावी आणि चाचणीचे पाणी कदापि टाकीत ओतू नये, असा माझा आग्रह असतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे जाऊन आलेले काही वडीलधारे तिकडच्या माशांविषयी विचारतात, त्यांना मी एक भेद आवर्जून सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात २००४ पासून नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असते. ते एका दिवसाच्या शिळेपणाने जात नाही, आणि हायपोने त्यातील क्लोरीन गेला तरी अमोनिया मागे उरतो, म्हणून तेथे अमोनियाचाही बंदोबस्त करणारे द्रव्य वापरावे लागते.

क्लोरीन गेला म्हणजे पाणी माशाजोगे झाले असे समजणे मात्र अर्धवट ठरेल. उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागली की टँकर बोलावले जातात, आणि टँकरचे पाणी विंधणविहिरीचे असेल तर खाडीकडील भागात त्यात क्षारांचे प्रमाण फार असू शकते. मृदू पाण्यात वाढलेल्या माशाला तो अकस्मात फेरबदल सोसत नाही. काही जण धास्तीने पिण्याच्या यंत्राचे आरओचे पाणी टाकीत भरतात. ते निर्मळ असते हे खरे, परंतु त्यातून माशाला लागणारे क्षारही निघून गेलेले असतात, म्हणून ते निव्वळ न वापरता नळाच्या पाण्यात मिसळून वापरावे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हाताला चटका देण्याइतके तापलेले असते, त्यामुळे बदलावयाचे पाणी आदल्या संध्याकाळी भरून टाकीशेजारी ठेवणे हेच श्रेयस्कर; त्यात क्लोरीन आणि उष्णता या दोहोंचा निकाल एकाच वेळी लागतो.

याहून गहन मामला टाकीतल्या अदृश्य जीवांचा आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो; तो त्याला स्वतःलाच घातक. टाकीतील स्पंजावर, वाळूवर आणि काचेवर वस्ती करणारे जीवाणू त्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती नव्या टाकीत आपोआप जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मी नव्या टाकीत एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून ठेवतो, जसे दुधात विरजण घालावे तसे. आता क्लोरीन हा तर जीवाणूंचा काळच. ज्या घरी स्पंज तोटीखाली धरून स्वच्छ धुतला जातो तेथे कल्ल्यांपूर्वी हे जीवाणू मरतात, आणि दोनतीन दिवसांनी, पाणी अगदी स्वच्छ दिसत असताना, मासे अमोनियाने आजारी पडतात. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये दिवसांचे अंतर पडल्यामुळे घरातल्यांना त्यांचा संबंध लागत नाही. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात पिळावा, ही एवढी गोष्ट पाळली तरी अर्धे मासे वाचतील असे मी म्हणतो ते याच कारणाने.

आपल्या मृदू पाण्याची दुसरी बाजू ती हीच. जीवाणू अमोनियाचे रूपांतर करताना पाण्यातली क्षारता खर्च करीत जातात. आपल्या पाण्यात ती मुळात कमी असल्याने महिनोन् महिने पाणी न बदललेल्या टाकीचा सामू हळूहळू घसरून आम्ल होतो. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो, त्यामुळे मासे तगून राहतात. मग एखाद्या रविवारी घरातल्या कोणाला उत्साह येतो आणि तो टाकीतले बरेचसे पाणी काढून नवे भरतो. मासे, वाळू आणि तीत साचलेला मळ तसाच राहतो, सामू एकदम वर चढतो, आणि उरलेला अमोनिया विषारी रूप धारण करतो. आपल्याकडच्या तापमानास सामू साडेसहावरून आठावर गेला तर या विषारी अंशाचे प्रमाण सुमारे तीसपट वाढते. अशा वेळी घरातले लोक नळाच्या पाण्याला दोष देतात. वस्तुतः दोष महिन्यांच्या दुर्लक्षाचा आणि एका दिवसाच्या घाईचा असतो. म्हणून थोडे पाणी वारंवार बदलावे. दोन फुटी टाकीत साधारण साठ लिटर पाणी मावते. दर आठवड्यास त्यातले एक बादलीभर बदलले की पुष्कळ झाले.

या साऱ्या कामात मला एक गोष्ट फार समाधान देते. आपल्याच राज्यात सार्वजनिक आरोग्याच्या दोन शाखा पाण्याकडे दोन दृष्टींनी पाहतात. एक शाखा पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालून जंतू मारते. दुसरी, म्हणजे हिवताप निर्मूलनाचे काम पाहणारी शाखा, साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडून डासांच्या अळ्यांचा नायनाट करविते, आणि त्यासाठी या माशांची मुद्दाम पैदास करून घेते. पहिल्या शाखेचे पाणी दुसऱ्या शाखेच्या माशाला चालणार नाही, आणि दुसऱ्या शाखेचे पाणी आपण पिऊ शकणार नाही. तरी दोघींचे ध्येय एकच, माणसाचा जीव वाचविणे. दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्याला एवढेच ओळखावे लागते की हाती असलेले पाणी कोणत्या जीवासाठी आहे. काचेची टाकी बाळगणाऱ्या गृहस्थालाही तेच ओळखावयाचे आहे.

मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईतून किंवा कुर्ल्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत मासे घेऊन लोकलने परतणारी कुटुंबे मला अनेकदा दिसतात. मुलांच्या चेहऱ्यांवर आनंद असतो, वडिलांच्या हातात पिशवी जपून धरलेली असते. त्यांना मी मनातल्या मनात जे सांगतो ते येथे उघडपणे सांगतो. मासा घरी आणणे म्हणजे एका जीवापुरता पाणीपुरवठ्याचा सगळा कारभार आपल्या शिरावर घेणे होय. धरणाच्या पाण्याचे पिण्याजोगे पाणी करण्यासाठी शेकडो माणसे अहोरात्र राबतात. त्या पिण्याजोग्या पाण्याचे श्वास घेण्याजोगे पाणी करण्यास मात्र घरातले एकच माणूस असते, आणि त्याने ते केले नाही तर दुसरे कोणी करणार नाही. त्यासाठी लागते ते एक टब, हवेचा एक दगड, हायपोची एक बाटली आणि आदल्या संध्याकाळची आठवण. सोसायट्यांच्या चिटणीसांना माझी शिफारस अशी की टाकी धुण्याची सूचना दोन दिवस आधी फलकावर लावावी, तीत टीसीएल पावडर घालणार असल्याचे स्पष्ट लिहावे, आणि मासे पाळणाऱ्या घरांची यादी रखवालदाराकडे ठेवून त्यांस त्या दिवशी नळाचे पाणी टाकीत न घालण्याविषयी बजावावे. आमच्या सोसायटीच्या सभेत हा ठराव मी मांडला, तो एकमताने मंजूर झाला, आणि तेव्हापासून टाक्या पूर्वीप्रमाणेच नियमाने धुतल्या जातात, त्यांत पावडरही तितकीच पडते. मासे पाळणारी घरे मात्र आदल्या दिवशीच आपले पाणी भरून ठेवतात. इतर सोसायट्यांनीही हा ठराव करावा अशी माझी त्यांना विनंती आहे.